टिकल्या

अमळनेरात, बोरीच्या पुलाच्या अलीकडे,
आधी जिथे सरकीचं गोदाम होतं
तिथे आता काचेचं दार आहे,
आणि दारात मी.
पावती घ्यायची, पिशवीत बघायचं, भोक पाडायचं.

चेहऱ्याआधी मला हात ओळखू येतात.
कुणी पैसे दिल्यापासून पावती उंच धरून चालतं,
कुणी पाकिटात शोधतं, ब्लाउजात शोधतं,
मग कडेवरच्या पोराच्या तोंडातून काढून देतं,
ओली.
कुणी हातात देतच नाही. टेबलावर टाकतं,
सुटे पैसे टाकावेत तशी.

"माले चोर समजस का वं?"
हे रोज दोनदा तरी.
लुणकरणशेठ तर दारातच थांबले,
मागे रांग लागली तरी हलले नाहीत.
"तीन पिढ्या किराणा विकला आम्ही,
कुणाची थैली उघडली नाही."
खरं आहे.
त्यांच्या दुकानातून मीही गूळ आणलाय.
थैली उघडत नव्हते.
पायरीवरूनच द्यायचे.

भदाणेकाका मात्र दोन बोटांत पावती धरून उभे राहतात.
रेल्वेत तिकीट तपासनीस होते, सुरत लाइनला.
"तारीख बघ आधी. मग वेळ. मग वस्तू मोज.
नुसतं भोक पाडतेस, हे काय काम आहे?"
एकदा गर्दीत मी त्यांना तसंच जाऊ दिलं
तर रागावून परत आले.

आणि ती बाई,
सातपुड्याकडची, पायात चांदीचे जाड वाळे.
एक साबण, एक कंगवा.
मी काही म्हणायच्या आत तिने पिशवी टेबलावर उलटी केली:
साबण, कंगवा, एसटीचं तिकीट,
फडक्यातली अर्धी भाकर,
दवाखान्याचा केसपेपर.
मी म्हटलं, असू दे.
ती म्हणाली, बघ.
आतून मॅनेजर बघत होता.
मी बघितलं.
दोनच मिनिटांपूर्वी
भरलेली ट्रॉली ढकलत एक मॅडम गेल्या
तेव्हा मी याच हाताने भोक पाडलं होतं,
मान वर न करता, "या ताई" म्हणत.

उन्हाळ्यात काही जण पावती गाडीच्या डिकीत ठेवतात
आणि बदलायला म्हणून आठवड्याने आणतात.
इथल्या उन्हात ती पार काळी पडलेली असते.
काय घेतलं, कितीला घेतलं, काही दिसत नाही.
भोक तेवढं दिसतं.

माझा बाप गिरणीत होता.
भोंगा झाला की फाटकाशी रांग,
हात वर, खिसे, कंबर, पुढे.
घरी आल्यावर आई टॉवेल पुढे करायची
तेव्हाही आधी त्याचे हात वर जायचे.
आम्ही पोरं हसायचो.
तोही हसायचा.
मग टॉवेल घ्यायचा.

रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली येतं
आणि सुपरवायझर माझा डबा उघडतो.
कळण्याच्या भाकरीचा काठ, ठेच्याचं बोट.
पर्स. रुमाल.
मी कुणी न सांगता हात वर करते.

परवा युनिफॉर्मच्या खिशातून
मूठभर टिकल्या सांडल्या,
दिवसभर पडलेल्या, पांढऱ्या,
कुणावर अर्धा आठ, कुणावर रुपयाची शेपटी.
लेक वहीत चिकटवते, म्हणून नेते मी.
"हे काय?"
"भोकं आहेत, साहेब. पावत्यांची."
त्याने एक बोटावर घेतली,
दिव्याशी धरून पाहिली.
मोजल्या मात्र नाहीत.